आटे पाडताना बोलू नये

३१ जुलै १८५७ला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीनं बंड केलं. त्याची शिक्षा मला यंदा गणपतीत झाली. मंडळानं देखावा तोच धरला आणि अध्यक्षांनी फर्मावलं, शिपायाच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा खरोखर वर जाऊन बार पेटवणाऱ्या टोपीवर आपटला पाहिजे. नळी पीव्हीसीची, बार स्पीकरचा, घोडा मात्र लोखंडी. "तू टूलरूमला हाईस न्हवं?" संपलं.

या घोड्याच्या आत टंबलर म्हणून सुपारीएवढा तुकडा असतो. स्प्रिंगची कमान त्याला फिरवते, त्याच्या बाहेर आलेल्या चौकोनी टोकावर घोडा बसतो आणि मधला एक स्क्रू घोड्याला जाग्यावर धरतो. त्या टोकात चार एमएमचे आटे पाडायचे. म्हणजे आधी ३.३चं ड्रिल, आणि भोक आरपार नाही, बंद. बंद भोकात कापलेल्या लोखंडाचा किस तळाला साचतो. म्हणून टॅप, म्हणजे आटे कापणारं हत्यार, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, तेल सोडत. पहिला टॅप, दुसरा, मग तळापर्यंत जाणारा तिसरा. हायस्पीड स्टीलचा टॅप कडक खरा, पण वाकणं त्याच्या रक्तात नाही, थेट मोडतो. मोडका तुकडा भोकात बसला की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घासत राहतं, मग विजेच्या ठिणग्यांनी तो तुकडा खाऊन काढणाऱ्या स्पार्क मशीनवाल्याची मनधरणी. थोडक्यात, हे काम एकट्यानं आणि गप्प बसून करायचं.

गप्प! मंडळाच्या शेडमध्ये! कोल्हापुरात माणूस स्वतः उद्यमनगरातल्या कारखान्यात नसला तर त्याचा मेव्हणा तरी असतोच, आणि मेव्हण्याचं ज्ञान वहिनीबरोबर घरात येतं. मी टॅप उभा धरून काटकोन बघायला गुण्या लावतोय, तर डोक्यावर पाच-सहा डोकी.

"तिरपा जातोय बघ."

"खोबरेल सोड की."

"आमच्यात रॉकेल घालत्यात."

"आमच्या दाजींचा टॅप असाच मोडला हुता. अस्साच. कट्टकन!"

हा 'कट्टकन' नेमका अर्ध्या फेऱ्याला. हातातलं हँडल थरथरलं. टॅपनंही 'कर्रर्र' केलं आणि सगळ्या तज्ज्ञांनी एकदम श्वास रोखला. शेडमध्ये तेवढीच काय ती शांतता. मी पाव फेरा मागं घेतला, किस तुटला, तोवर मोबाईल घेतलेला एकजण म्हणाला, "भावा, जरा हिकडं बघून फिरीव की."

टॅप शाबूत निघाला. स्क्रू बसला, घोडा वर गेला, ठाप्पकन आपटला. "नाद खुळा!" अध्यक्षांनी पाठीवर अशी थाप मारली की घोडा लाजावा.

मग शिपाई उभा केला. राजवाड्याचा पडदा डावीकडं, म्हणून तोंड डावीकडं. आणि त्या बंदुकांचा घोडा असतो उजव्या अंगाला. म्हणजे भिंतीकडं.

"अहो, दिसणार कुणाला?"

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मागं मोटर चालू कराय बसणाऱ्या पोराला दिसतंय की."