‘परीक्षा न देता घरबसल्या दहावी’: या मेसेजमधलं खरं किती?

दहावीचा निकाल लागला की हा मेसेज फिरू लागतो: “नापास झालात? राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून घरबसल्या दहावी. परीक्षा नाही, टीएमए आम्ही लिहून देतो. गणित-विज्ञान सोडा. महिन्यात सर्टिफिकेट. पुन्हा नापास झालात तर पैसे बुडतील, म्हणून आमचं पॅकेज घ्या.” एनआयओएस, म्हणजेच मेसेजमधलं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ही केंद्र सरकारची संस्था आहे, 1989 पासूनची, आणि तिचं दहावीचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं आहे. म्हणूनच तिच्या नावावर खपवलेल्या या थापा खोडून काढायला हव्यात.

“परीक्षा नाही.” आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा, ठरवून दिलेल्या केंद्रावर, फोटोचं हॉल तिकीट घेऊन स्वतः बसायचं. उत्तीर्ण होण्यासाठी 33 टक्के लागतात. ज्या विषयाला प्रॅक्टिकल आहे, त्यात लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे 33. विज्ञानाचं प्रॅक्टिकल चुकवणारे पुष्कळ असतात. लेखीत कितीही गुण मिळोत, तो विषय अडकतोच.

“टीएमए लिहून देतो.” टीएमए म्हणजे शिक्षकांनी तपासायचा स्वाध्याय. गुणांत त्याचा वाटा 20 टक्के. म्हणजे त्यात पैकीच्या पैकी मिळाले तरी 33 गाठता येत नाहीत. सहसा सहा प्रश्न असतात: तीन 2 गुणांचे, दोन 4 गुणांचे, शेवटचा 6 गुणांचा प्रकल्प. खरी गफलत पुढे आहे. अभ्यासक्रमाचे साधारण 40 टक्के पाठ टीएमएसाठी आणि 60 टक्के लेखी परीक्षेसाठी असे वेगळे केलेले असतात. ही विभागणी न पाहता अभ्यास केला, तर लेखीत न येणाऱ्या पाठांवर महिने जातात. प्रत्येक विषयाची यादी संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर लेखीचे पाठ खुणेने वेगळे करा.

“गणित-विज्ञान सोडा.” नियमात बसतं. पाच विषय हवेत, त्यात किमान एक भाषा. पण आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचं असेल, तर दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. आधी पुढचा कोर्स ठरवा, त्याच्या प्रवेशाच्या अटी वाचा, मग विषय निवडा.

“महिन्यात सर्टिफिकेट.” विद्यार्थ्याच्या सोयीची तारीख घेऊन देता येणारी ऑन डिमांड परीक्षा खरोखर आहे, आणि मेसेजवाले तिचाच आधार घेतात. पण ती परीक्षाच आहे. पेपर सोडवावाच लागतो. नेहमीच्या प्रवेशात फॉर्म भरल्यापासून परीक्षेपर्यंत बरेच महिने जातात.

“नापास झालात तर पैसे बुडतील.” हे सगळ्यात घातक, कारण आधीच घाबरलेल्या मुलांना आणि आईवडिलांना ते पटतं. नोंदणी 5 वर्षं चालते, 9 संधी मिळतात, पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. राहिलेल्या विषयाचीच फी भरायची. राज्य मंडळात नापास झालेल्याला, तिथे पास झालेले जास्तीत जास्त 2 विषय अटी पूर्ण होत असतील तर इकडे जमा करून घेता येतात. फॉर्ममध्ये तसं मागावं लागतं आणि जुनी गुणपत्रिका जोडावी लागते.

पॅकेज घेतलंच असेल, तर नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते आजच तपासा. एजंटचा असेल, तर टीएमएची मुदत आणि हॉल तिकिटाची सूचना त्याच्याच फोनवर जाते.