'चमकतं जॅकेट घाला आणि मुलांना सायकलवर बिनधास्त न्या' हा मेसेज तुम्हालाही आलाय ना?

मला तो एका आठवड्यात तिघांकडून आला, त्यातली एक सख्खी मावशी, त्यामुळे नुसता अंगठा दाखवून गप्प बसणंही जमेना. मेसेज साधारण असा आहे: लहान मुलांना घेऊन रस्त्यावर सायकल चालवताय तर सहा गोष्टी पाळा. फ्लुरोसंट जॅकेट घाला म्हणजे सगळ्यांना दिसाल. लाईट अंधार पडल्यावरच लावा, दिवसा बॅटरी वाया जाते. अगदी कडेला चिकटून चालवा. समोरची गाडी दिसावी म्हणून उलट्या बाजूने गेलात तर उत्तमच. आपण पुढे राहा, मूल मागे. आणि डोक्याला हेल्मेट असलं की चिंता मिटली. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'प्रत्येक आईबाबापर्यंत पोचवा'.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार, त्यात वाद नाही. पण मी रोज धाकटीला मागच्या सीटवर बसवून आणि मोठ्याला त्याच्या छोट्या सायकलवर सोबत घेऊन जाते, आणि यातले अर्धे उद्योग आधी स्वतः करून बसलेय, म्हणून हा प्रपंच.

आधी जॅकेट, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. फ्लुरोसंट रंग एवढा भडक का दिसतो तर सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण तो शोषतो आणि दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतो. त्यामुळे दिवसा, अगदी ढग असतानाही, तो झक्कास काम करतो. डेन्मार्कमध्ये सुमारे ६,८०० सायकलवाल्यांवर प्रयोग झालाय, निम्म्यांना पिवळं जॅकेट दिलं, निम्म्यांना नाही, आणि जॅकेटवाल्यांचे दुसऱ्या कुणाशी धडकून इजा होण्याचे अपघात ४७ टक्के कमी निघाले. अपघात लोक स्वतःच कळवत होते, त्यामुळे आकड्यात येणारी गडबड वजा केली तरी ३८ टक्के. म्हणजे जॅकेट फेकून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण सूर्य मावळला की अतिनील किरणही गेले आणि ते जॅकेट म्हणजे एक साधं फिकट कापड उरतं. रात्री काम करते ती त्याच्यावरची राखाडी रिफ्लेक्टिव्ह पट्टी, तिच्यातले काचेचे बारीक मणी उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणजे हेडलाईट तुमच्यावर पडला तरच. बाजूच्या गल्लीतून बाहेर येणाऱ्या गाडीचा उजेड समोरच्या भिंतीवर असतो, तुमच्यावर नसतोच, तिथे पट्टी असून नसल्यासारखी.

ऑस्ट्रेलियात रात्री बंद ट्रॅकवर एक प्रयोग झाला, ड्रायव्हरला सायकलवाला ओळखू येतो का बघायला. काळे कपडे घातलेला २ टक्के वेळा ओळखला गेला, फ्लुरोसंट जॅकेटवाला १५, रिफ्लेक्टिव्ह जॅकेटवाला ५०, आणि त्याच जॅकेटसोबत गुडघ्यांना आणि घोट्यांना पट्ट्या लावल्या तर ९०. कारण पाय वरखाली होतात आणि माणसाची हालचाल आपला मेंदू चटकन ओळखतो, नुसती चमकणारी चौकट काय, बोर्डही असू शकतो. मोठ्याच्या घोट्यांना आता दोन पट्ट्या असतात, त्याला वाटतं ते सुपरहिरोचं काहीतरी आहे, वाटू दे.

बरं, हे सगळं वाचूनही माझं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. एका संध्याकाळी नवऱ्याला गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसवलं, हेडलाईट लावायला सांगितले आणि मी धाकटीला सीटवर बसवून पार्किंगमधून त्याच्यासमोरून पुढे पुढे जात राहिले. काय दिसतंय विचारलं तर म्हणाला, "तू दिसतच नाहीयेस." माझं जॅकेट? ते लेकीच्या आणि तिच्या सीटच्या पाठीआड. सीटखालचा लाल लाईट? तोही तिच्या सीटने झाकलेला. मागचा रिफ्लेक्टर? त्याच्यावर तिच्या स्वेटरची बाही लोंबकळत होती. दिसत होते ते फक्त पेडलचे दोन पिवळे तुकडे, वरखाली होणारे. मी कित्येक महिने त्या जॅकेटच्या भरवशावर फिरत होते हो! आता मागचा लाईट मुलाच्या सीटच्या पाठीवर बांधलाय आणि रिफ्लेक्टिव्ह पट्टी सुद्धा तिथेच. मुलांना बसवायचा ट्रेलर, म्हणजे सायकलमागे जोडायची छोटी गाडी, ओढत असाल तर त्याला उंच झेंडा हवाच, तो प्रकार गाडीच्या बॉनेटच्या खालीच हरवतो.

लाईट अंधार पडल्यावरच, हा दुसरा मुद्दा. बॅटरी वाचवायचा हट्ट कशासाठी कळत नाही. डेन्मार्कच्याच ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये काही सायकलवाल्यांना दिवसरात्र पेटते राहणारे दिवे लावून दिले होते, त्यांचे इजा झालेले अपघात बाकीच्यांपेक्षा १९ टक्के कमी भरले. आणि दिवसा म्हणजे कायम लख्ख ऊन असं थोडीच असतं, झाडांच्या दाट सावलीत शिरलं की मागच्याच्या उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना क्षणभर आपण नाहीसेच होतो. तिरपं ऊन तर त्याहून वाईट. आपली सावली लांबलचक मागे पडत असेल तर मागून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर ऊन आहे असं समजा, पुढे पडत असेल तर समोरून येऊन वळणाऱ्याच्या. तेव्हा चौकात मी सरळ उतरते, पोरांना उतरवते आणि चालत जाते, लोक हसले तर हसू दे. आणि हो, लाईट ब्लिंक होणारा की स्थिर यावर भांडणं चालतात, जर्मनीत तर सायकलवर ब्लिंक होणारा चालतच नाही. ब्लिंकने लक्ष वेधलं जातं पण किती लांब आहे ते नीट कळत नाही, म्हणून मागे निदान एक तरी स्थिर ठेवा.

कडेला चिकटून, हे ऐकायला सुरक्षित वाटतं, आणि इथेच लोक माझ्याशी सगळ्यात जास्त वाद घालतात. कडेला काय असतं? खडी, गटाराची जाळी, आणि पार्क केलेल्या गाड्या, ज्यांचं दार कधीही उघडू शकतं. मूल अशा वेळी पटकन बाजूला होऊ शकत नाही, त्याला वळायला जागाच नाही. शिवाय आपण अगदी कडेला गेलो की मागच्याला वाटतं आपली गाडी बसतेय, आणि ती जिथे बसत नाही तिथे तो घुसतो. गल्लीतून बाहेर डोकावणाऱ्याला पण आपण पार्क केलेल्या गाड्यांआडून अगदी शेवटच्या क्षणी दिसतो, मूल तर दिसतच नाही, त्याचं डोकं खिडकीच्या काचेपर्यंत सुद्धा येत नाही. म्हणून गाड्यांपासून निदान एक दार उघडेल एवढं अंतर, आणि दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर आत-बाहेर करायचं नाही, एक सरळ रेषा धरायची. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय की शेजारी-शेजारी चालवायला हरकत नाही आणि मुलं सोबत असतील तर ते जास्त सुरक्षित ठरू शकतं, मागच्याला पुढे जायचं असेल आणि सुरक्षित असेल तेव्हा एकामागे एक व्हायचं. मागून हॉर्न वाजतो, ऐकून घ्यायचा. हॉर्न वाजवला म्हणजे निदान दिसलो.

उलट्या बाजूने जा, हा तो सरळसरळ धोकादायक मुद्दा. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठीचा सल्ला कुणीतरी उचलून सायकलला चिकटवलाय. गाडी ताशी ४० ने आणि आपण १२ ने. ती मागून येत असेल तर अंतर ताशी २८ ने कमी होतं, समोरून असेल तर ५२ ने. म्हणजे ३० मीटरवर एकमेकांना पाहिलं तर जवळपास ४ सेकंदांऐवजी हातात २ च राहतात. आणि गल्लीतून निघणारा ड्रायव्हर जिकडून गाड्या येतात तिकडेच बघतो, उलट्या बाजूने येणारं मूल त्याच्या हिशोबातच नसतं. यावर आणखी काय बोलायचं.

आपण पुढे, मूल मागे. सांगा बरं, मागे काय चाललंय ते कसं कळणार? सारखी मान वळवून बघाल आणि मान वळली की हँडल पण वळतं, मोठ्यांचं सुद्धा. मूल पुढे, आपण मागे आणि जरासे रस्त्याच्या मध्याच्या बाजूला, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्याला आधी आपल्याला वळसा घालावा लागतो आणि तेवढी जागा आपोआप मुलालाही मिळते. दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे एक मागे. चौकात शेजारी यायचं. रस्ता माहीत नाही म्हणून मूल पुढे जायला घाबरतं हा आक्षेप खरा आहे, तर मग शेजारी घ्या, आतल्या म्हणजे रस्त्याच्या कडेकडच्या बाजूला. 'थांब', 'सरळ', 'कडेला' एवढे तीन शब्द आम्ही आधी मोकळ्या मैदानात घोटले, 'अरे बघ बघ बघ' असं ओरडलं की तो वळून माझ्याकडे बघायचा आणि नेमका रस्ता सोडून.

गाडी किती वेगाने येतेय हे मुलावर सोडू नका. २०११ मध्ये लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं होतं, ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी जवळ येतेय हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने कळत नाही. मूल ऐकत नाही असं नाही, डोळ्यांना तो वेग पकडताच येत नाही. 'ड्रायव्हरच्या डोळ्यात बघ' हेही मी सोडून दिलं, काळी काच आणि त्यात आभाळ दिसतं. त्याऐवजी पुढचं चाक बघ सांगते, फिरतंय की थांबलंय ते त्याला लगेच कळतं.

हेल्मेटवर फार नाही बोलत, घालाच, पण ते पडल्यावर उपयोगी पडतं, गाडीवाल्याला तुम्ही दिसण्याशी त्याचा काही संबंध नाही. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक बोट, मागे सरकून कपाळ उघडं पडलं तर ते हेल्मेट नाही, टोपी आहे. आणि पावसात रेनकोटचं टोपडं हेल्मेटच्या आतून चढवू नका. मोठ्याचं तसं झालं होतं, मागे गाडी आहे का बघायला त्याने मान वळवली, टोपडं जागच्या जागी राहिलं, आणि मी विचारलं काय दिसतंय तर म्हणाला, "आई, अस्तर."