दहा टक्क्यांचा हा नियम आणला कुठून?

आज ग्रंथालयाची नवी सूचना व्हॉट्सॲपवर आली. कुठल्याही पुस्तकाची दहा टक्क्यांहून जास्त पानं झेरॉक्स करून मिळणार नाहीत, प्राध्यापकांनी प्रकरणं स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकू नयेत, कॉपीराइट कायद्याचा भंग होतो. खाली सही-शिक्का. सकाळपासून डोकं तापलंय.

कायद्यात कुठे आहेत हे दहा टक्के? १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ उघडून बघा. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत म्हणजे उल्लंघन नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. पानांची मर्यादा नाही. दहा टक्क्यांची भाषा ऑस्ट्रेलियासारख्या देशांतली. ती आपल्याकडे कुणीतरी उचलून आणली आणि नोटीस बोर्डावर डकवली.

माझ्या एम.ए.च्या वर्गात एक मुलगी आहे. तिला लागणारं पुस्तक ग्रंथालयात एकच, संदर्भ प्रत, घरी न्यायची नाही. विकत घ्यायचं तर घरचा महिन्याचा किराणा येईल एवढी किंमत. म्हणून ती वाचनकक्षात बसून वहीत उतरवून घेते. परवा तिची वही बघितली. पट्टीने आखलेला तक्ता, राज्यवार आकडे. मधला एक आकडा लिहायचा राहिला आणि तिथून पुढचे सगळे एकेक घर वर सरकले. बिहारपुढे छत्तीसगडचा, छत्तीसगडपुढे गोव्याचा. त्या तक्त्यावर तिने अख्खं उत्तर बांधलं होतं, आणि मांडणी इतकी नेटकी की वाचताना पोटात कालवलं. पोर हुशार आहे. पण पाचची एसटी गाठायची असते.

म्हणजे तीच पानं तिने हाताने उतरवली तर चालतात आणि मशीनने काढली तर गुन्हा?

नेमका हाच मुद्दा कोर्टात येऊन गेलाय. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर खटला भरला. कारण काय, तर अभ्यासक्रमातल्या प्रकरणांचे झेरॉक्स गठ्ठे मुलांना मिळत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. हाताने उतरवणं उल्लंघन नसेल, तर यंत्र आलं म्हणून ते उल्लंघन होत नाही, असं त्यांनी म्हटलं. डिसेंबरात खंडपीठाने दावा पुन्हा सुनावणीला पाठवला, पण त्यानेही सांगितलं की प्रश्न टक्क्यांचा नाही, शिकवण्यासाठी तेवढं लागतं का याचा आहे. पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. इतकं सगळं होऊन गेलं आणि आमच्याकडे अजून दहा टक्के!

लेखकाला पैसे मिळायला हवेत, मान्य. पाचशेच्या आवृत्तीवर तग धरणाऱ्या मराठी प्रकाशकाचं अख्खं पुस्तक पीडीएफ करून गावभर फिरवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. ई-बुकच्या करारातल्या अटीही वेगळ्या असतात, ठीक. पण एका वर्गाला एक प्रकरण देणं आणि पुस्तक चोरणं यातला फरक ग्रंथपालांना कळू नये?

केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे देशभरातल्या सरकारी संस्थांसाठी एकच वर्गणी, आलंय ना, असं कुणी तरी म्हणेलच. आलंय, चांगलं झालं. पण ते जर्नल्ससाठी. कपाटातल्या त्या एकुलत्या एक संदर्भ प्रतीचं काय करायचं?

आता थोडा शांत झालोय. ग्रंथालयातली माणसं वाईट नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पुस्तक आतून शोधून आणून देणारे, मुलीची बस आहे म्हणून तिला आधी नंबर देणारे तेच आहेत. वरून कुणीतरी घाबरवलं की खालचा माणूस सही करतो. पण त्या घाबरण्याची किंमत ग्रंथपाल भरत नाही, प्राचार्य भरत नाहीत. आकडे सरकलेली वही घेऊन परीक्षेला बसणारी मुलगी भरते.

सोमवारी मी लेखी अर्ज देतोय : हा नियम कुठल्या कलमाखाली, ते लेखी कळवा. सोबत दोन्ही निकालांच्या प्रती जोडतोय, पूर्णच्या पूर्ण, झेरॉक्स काढून. तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांनी आपापल्या ग्रंथालयाबाहेरचा बोर्ड वाचा आणि असाच नियम दिसला तर हाच प्रश्न विचारा. अर्जाचा मसुदा कमेंटमध्ये टाकतो, हवा तसा बदलून वापरा.