लाल रेघ

आज चौथा दिवस. ट्रायपॉडच्या डाव्या पायातून अजून चिखल निघतोय. मी दातकोरणीनं उकरत बसलोय, आणि बायको शेजारून जाताना काही बोलत नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे.

परवाच्या अमावस्येला जांबोटीच्या वाटेवर मित्राच्या शेतात गेलो होतो. बेळगावातून आता आकाश दिसत नाही, नारिंगी पत्रा दिसतो. मला हवा होता रोझेट तेजोमेघ. मृगातल्या काक्षी ताऱ्याच्या जरा पूर्वेला, सुमारे ५,००० प्रकाशवर्षं लांब, आकारानं पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून मोठा, आणि नुसत्या डोळ्यांना शून्य. त्याचा लाल उजेड हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा. आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच नेमका तोच बराचसा अडवते. म्हणून ती काच मी पैसे देऊन काढून घेतली. मग त्याच कॅमेऱ्यानं भाचीच्या साखरपुड्याचे फोटो काढले, व्हाइट बॅलन्स न बदलता. व्याही लालबुंद, विहीणबाई गुलाबी, ताटातली कुंद्याची मिठाई विटकरी. ‘तुझ्या कॅमेऱ्याला गोवर आलाय,’ असं ताई तेव्हा म्हणाली. ते वाक्य अजून घरात चालतं. असो.

आपल्या इथला अक्षांश जेमतेम १६. त्यामुळं ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढेच अंश वर, म्हणजे बरोबर उसाच्या तुऱ्यात. वारा आला की दिसतो, वारा पडला की गुल. अढळपद मिळालेल्यानं इतकं लपावं? ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा अक्ष त्याच्याकडं लावण्यात तास गेला. साडेदहाला दोन-दोन मिनिटांचे फोटो सुरू झाले. डोक्याला लाल बॅटरी, कारण पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात.

साडेअकराला शेतपंपाची थ्री फेज वीज आली, आणि थ्री फेजबरोबर आबा आले.

पलीकडच्या शेताचे मालक. कानटोपी, खांद्यावर फावडं. मोटार चालू करून बांधावर उभे राहिले आणि बराच वेळ माझ्याकडं बघत बसले. अमावस्या, लाल दिवा, तीन पायांचं यंत्र. मला वाटलं, आता गुप्तधनाचं विचारणार. त्याची उत्तरं माझी पाठ आहेत. आबा म्हणाले,

“मोजणी रात्रीची चालू केलासा काय?”

“जमीन संपादनाची मोजणी नाही आबा. ताऱ्यांचे फोटो काढतोय.”

“दिवसा आलासा, बायकांनी हाकलल्या. म्हणून रात्री. कळतंय की.”

“अहो, यंत्राचं तोंड वर आहे. जमीन कशी मोजेल?”

आबांनी वर बघितलं. “आता वरनंच मोजतात की. सॅटेलाइटनं.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेजोमेघ, हायड्रोजन, काढलेली काच. हायड्रोजनवर आबा थांबले नाहीत. काचेवर थांबले.

“काच काढायला पैसे घेतला?”

“घेतले.”

“आणि काढलेली काच?”

“ती त्यांनीच ठेवून घेतली.”

“बघा!” आबांच्या आवाजात पहिल्यांदा माया आली. “मोटार वायंडिंगला टाकली की आमचं जुनं तांबं पण असंच जातंय.”

मला वाटलं, मिटलं. पण आबा मोटारीच्या खोलीत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतला उतारा घेऊन आले. “साहेब, माझं नाव हाय का नाही तेवढं बघा.” उतारा कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं कंडक्टरपुरतं; वाचताना ओठ हलवावे लागतात. आबांना तेवढंही नाही. “नातवानं नावाखाली लाल पेनानं रेघ मारलीया. तिथं बघा.”

रेघ नव्हती. लाल उजेडात लाल शाई कागदातच विरून जाते, हे मी समजावू लागलो तोवर आबांचा चेहरा उतरला.

“रेघ कुठं गेली? सकाळी होती.”

आणि त्यांनी कमरेची बॅटरी पेटवली. उसातली डुकरं पळवायची बॅटरी. रेघ परत आली. वर नावही होतं. एवढ्यावर भागलं असतं, पण आबांना आजूबाजूच्या नंबरात कुणाकुणाची नावं लागलीत तेही आता बघायचं होतं. बारा मिनिटं. सलग सहा फोटो ताकासारखे पांढरे.

ह्या भानगडीत पाटाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. पाणी बांध फोडून आलं, ट्रायपॉडचा डावा पाय संथपणे खाली गेला, रोझेट माथ्यावर असताना कॅमेरा उसाला सलाम करत वाकला, आणि आबा “माझं पाणी! माझं पाणी!” करत फावडं घेऊन पळाले. ट्रायपॉडबद्दल अवाक्षर नाही.

आबांवर राग नाही, असं इथं लिहायची पद्धत आहे. आहे. अंधाराच्या चांगल्या रात्री महिन्याला चार-पाच मिळतात, त्यातल्या निम्म्या ढगांच्या आणि लग्नांच्या. पण सत्तरीच्या माणसानं मध्यरात्री साप तुडवत पाणी का पाजावं? दिवसाची वीज कुठं जाते? आणि ज्या कागदावर त्याचं रान आहे, तो त्याला वाचता का येऊ नये? १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, म्हणजे सीमेचं भांडण आबांच्याच वयाचं. २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर लाल रेघ.

फोटो एकूण ४१, धरण्यासारखे २४. दोन रात्री कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, तेव्हा कुठं मधे भोक पडलेला एक लाल डाग वर आला, थोडा हललेला. मित्राला पाठवला. त्यानं तो मोबाइलवर आबांना दाखवला. काल त्याचा फोन आला.

“आबा विचारायलेत, लाल दाखवलंय तेवढं सगळं जाणार काय?”