जनसुनावणी झाली म्हणजे गावानं ‘हो’ म्हटलं?

गडचिरोलीतल्या लोहखनिजाची बातमी आली की एक ठरावीक युक्तिवाद मोबाईलमोबाईलवर फिरायला लागतो. थोडक्यात असा: खाणीसाठी रीतसर जनसुनावणी झाली, लोकांनी पाठिंबा दिला, म्हणजे संमती मिळाली. तसंही जमिनीखालचं खनिज सरकारचं, ग्रामसभेला नाही म्हणायचा अधिकारच नाही. विरोध करतात ते बाहेरचे, नाहीतर माओवाद्यांचे. आणि आदिवासींना विचारत बसलात तर उत्तर ठरलेलंच, मग वेळ कशाला घालवायचा?

खाण व्हावी की नाही, यावरचं माझं मत तूर्त बाजूला ठेवतो. एकेक दावा घेऊ.

“जनसुनावणीत लोकांनी संमती दिली.”

सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. जनसुनावणी येते २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून. कंपनीनं केलेल्या अहवालाचा मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती ऐकायच्या, त्या लिहून घ्यायच्या, एवढंच तिचं काम. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला, अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालचा नसलेला अधिकारी. प्रदूषण नियंत्रण मंडळ सोबतीला. निदान ३० दिवस आधी जाहीर सूचना, जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटून. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत समजावून सांगायचं आणि मग सही.

या सगळ्यात मतदान कुठेही नाही. ठराव नाही. गणपूर्तीची अट नाही, आणि हे अधिसूचनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. दहा माणसं आली तरी सुनावणी सुरू होते. इतिवृत्त पर्यावरण मंजुरीसाठी प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीकडे जातं, समितीनं हरकतींचा विचार करायचा, पण हरकती आल्या म्हणून प्रकल्प नाकारलाच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही. आता सांगा, ज्या सभेत सगळ्यांनी ‘नको’ म्हटलं तरी प्रकल्प थांबत नाही, तिथल्या टाळ्यांना संमती कशी म्हणायची?

बरं, सुनावणी कुठे घ्यायची? प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ, असं तीच अधिसूचना म्हणते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचं होतं, त्याची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोली शहरात. डोंगरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. त्या भागातल्या माणसानं आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत यायचं, तेही धान कापणीच्या तोंडावर, रोजी बुडवून. सुरक्षेचं कारण पुढे करता येईल, आणि या जिल्ह्यात ते अगदीच पोकळ नाही. पण ज्या डोंगरावर शेकडो ट्रक आणि त्यांना बंदोबस्त पोचू शकतो, तिथल्या गावात एक मांडव का पोचू शकत नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणि भाषा. अहवालाचा सारांश मराठीत असतो. इथल्या बऱ्याच गावांत बायाबापड्यांची रोजची बोली माडिया. धुळीच्या कणांचं प्रमाण आणि भूजलाची पातळी हे आधीच परक्या भाषेतलं प्रकरण, त्यात मंचावरून सांगणारा घाईत.

“खनिज सरकारचं, ग्रामसभेला अधिकारच नाही.”

यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त चालतं. १९९६ च्या पेसा कायद्यानं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यानं, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वशिफारस बंधनकारक केली ती गौण खनिजांसाठी, म्हणजे मुरूम, रेती, दगड. लोहखनिज त्यात बसत नाही. हे मान्य.

पण खनिज हवेत नसतं. ते असतं जमिनीखाली, आणि गडचिरोलीत त्या जमिनीवर जंगल असतं. त्या जंगलात तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू, चराई आणि देवाची जागा असते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं हे हक्क नव्यानं दिले नाहीत, आधीपासूनचे हक्क मान्य केले. जंगलाचं आणि आपल्या सांस्कृतिक वारशाचं रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला त्याच कायद्यानं दिला. त्याच्याच आधारावर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रक काढलं: वनजमीन खाणीसारख्या दुसऱ्या कामाला वळवायची तर संबंधित ग्रामसभांची लेखी संमती जोडा, आणि त्या सभेला निम्मे तरी सभासद हजर हवेत. पुढे वनहक्क कायद्याच्या नियमांत हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश महिला असल्याच पाहिजेत, अशीही अट आली. ‘गणपूर्ती नको’वाली जनसुनावणी आणि ही सभा, दोन्हींना एकाच नावानं हाक मारणं हा अडाणीपणा तरी आहे किंवा लबाडी.

सुरजागडचा मूळ खाणपट्टा २००७ चा, ३४८ हेक्टरांचा. वनहक्क कायदा अंमलात आला त्याच वर्षाच्या अगदी शेवटी. म्हणून तिथल्या माणसाला ‘संमती तेव्हाच झाली’ असं सांगितलं की तो विचारतो, कुणी दिली?

“विरोध करणारे बाहेरचे.”

फार वेळ घालवण्यासारखा दावा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सुरजागडला सत्तरहून जास्त वाहनं जाळली, हे खरं. त्यांनी आदिवासींनाही मारलं आहे, खबऱ्या ठरवून, हेही खरं. पण बंदूकवाल्यानं जे म्हटलं तेच ग्रामसभेनं सनदशीर ठरावात म्हटलं, म्हणून ठराव बंदुकीचा होत नाही. सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, ती काही खाणीला विरोध म्हणून सुरू झालेली नाही. आणि बाहेरचेच मोजायचे असतील तर मग दोन्ही बाजूंचे मोजा. गावात खाणीवर कामाला जाणारे आहेत, त्यांना खाण हवी आहे, त्यांचं म्हणणंही खोटं नाही. म्हणूनच तर हा निकाल गावाच्या सभेत लागायला हवा.

“विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार.”

इथे नियमगिरीचं उदाहरण हटकून दिलं जातं, आणि अर्धवट दिलं जातं. ओडिशातल्या त्या डोंगरातल्या बॉक्साइटचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला ग्रामसभांवर सोपवला. गावं निवडली ओडिशा सरकारनं, आणि निवडली फक्त १२. आजूबाजूची पुष्कळ गावं वगळली म्हणून तेव्हा ओरडही झाली. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव, नियमराजा, त्या डोंगरावर राहतो. बाराच्या बारा सभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानं प्रकल्प फेटाळला. २०१६ मध्ये पुन्हा सभा घ्याव्यात म्हणून राज्याचं खाण महामंडळ न्यायालयात गेलं, तिथेही डाळ शिजली नाही. सरकारनं स्वतः निवडलेल्या गावांत, न्यायाधीशासमोर हा निकाल लागला. यावरून ‘विचारू नका’ असा धडा कसा काय निघतो?

उत्तर ठरलेलं असतं हेही खरं नाही. गोव्यात केपे तालुक्यातल्या कावरे गावचे आदिवासी खाणींनी पाणी आणि शेती नासवली म्हणून वर्षानुवर्षं भांडले, आणि त्याच गावातून पुढे मागणी आली की खाण चालवायचीच असेल तर ती आमच्या सहकारी संस्थेला द्या. हे सरळ ‘नाही’ नव्हे. अटी कोण ठरवणार, हा त्यांचा सवाल होता. सरकारांना ‘नाही’पेक्षा हाच जड जातो, असं मला वाटतं.

आता उत्तरच नको म्हणून वाटही काढलेली आहे. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी क्रमच बदलला: केंद्राची मंजुरी आधी, वनहक्कांची पूर्तता राज्यानं नंतर बघायची. वनहक्क कायद्यातलं एक अक्षरही यानं बदललेलं नाही. पण हे म्हणजे पत्रिका वाटून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखं झालं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘संमती झाली’ म्हणालं, तर ठरावाची प्रत मागा. माहिती अधिकारात मिळते. तारीख बघा, ती दिल्लीच्या मंजुरीच्या आधीची की नंतरची. सभा ग्रामपंचायतीची झाली की त्या वाडीच्या-टोल्याच्या ग्रामसभेची, ते बघा. मतदारयादीशेजारी सह्या-अंगठे ठेवून मोजा, निम्मे भरतात का, त्यात बाया किती. आणि एकाच हस्ताक्षरात सगळी नावं असतील, तर तो कागद कुठे बसून लिहिला ते गावात जाऊन विचारा.