पोटापाण्याचा प्रश्न

आमच्या वर खाल्ती राहते.

हे मी सांगलीला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "खालती राहते का वर राहते, काय ते एक ठरव." दारिजात, म्हणजे मोरोक्कोच्या बोलीत, खाल्ती म्हणजे 'माझी मावशी'. ब्रसेल्सच्या मोलनबेक भागात आम्ही तळमजल्यावर, मावशी पहिल्या मजल्यावर, आणि गल्लीतलं शेंबडं पोरही तिला खाल्तीच म्हणतं. वय ६८, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. पुढचं सगळं रामायण त्या कानांमुळेच घडलं.

पोट कमी व्हावं म्हणून मी बेली डान्सच्या क्लासला नाव घातलं होतं. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा बायका कमरेला नाण्यांचे रुमाल बांधून छुमछुम करतो. तीन वर्षं झाली. पोट जिथल्या तिथं आहे, फक्त आता ते तालात हलतं. घरी सराव करताना स्पीकर जरा मोठ्यानं लावते. एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. बाहेर खाल्तीची भाची. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी दार उघडतानाच माफी मागून टाकली. ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये मोरोक्कोत, उज्दाला, माझं लग्न आहे. नाचशील का?"

मी हो म्हणाले. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही. नवरा म्हणाला, "अगं, आपल्या गणपतीत नाचायला बोलावलं तर तुझी कंबर दुखते." मी लक्ष दिलं नाही.

आता गाणं निवडायचं. मला वाटलं, हे तासाभराचं काम. क्लासमध्ये बसवलेला सात मिनिटांचा नाच तयार होताच. आधी झोकात प्रवेश, मग नुसत्या व्हायोलिनवर सावकाश कंबर, शेवटी ढोलकासारख्या दरबुक्यावर पोटाचे झटके. गाणं घेऊन मी वर गेले. खाल्तीनं पुदिन्याचा चहा ओतला, पहिलं मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "हे मिसरचं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तीन वर्षं शिकतेय तो नाच, रक्स शर्की, हा मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, त्यातही कैरोचा. १९२० च्या दशकात बदीया मसाबनी नावाच्या बाईनं तिथे नाट्यगृहवजा क्लब काढला, लग्नाघरचा नाच रंगमंचावर आणला, आणि तिथून तो सिनेमात गेला. सामिया गमाल, तहिया कारिओका या नर्तकी याच परंपरेतल्या. पण कैरो आणि उज्दा यांच्यात साधारण तीन हजार किलोमीटरचं अंतर आहे. कोणा परदेशी बाईनं मन लावून भांगडा शिकावा आणि आपण तिला कोल्हापुरातल्या लग्नात 'घ्या तुमचा नाच' म्हणून उभं करावं, तसला प्रकार होत होता. पाहुणे टाळ्या वाजवतील, पण एखादी आजी शेजारणीच्या कानात काहीतरी बोलेलच.

"बरं, मिसर तर मिसर," खाल्ती म्हणाली. "दुसरं लाव." दुसरं माझं लाडकं होतं. चाल अशी, की खांदे आपोआप हलावेत. खाल्तीनं पेला खाली ठेवला. "हे काय म्हणतोय, कळतंय का तुला?" मला कुठून कळणार? माझं अरबी 'हबीबी'पाशी सुरू होतं आणि 'हबीबी'पाशीच संपतं. तर तो म्हणत होता, तू माझं घर जाळलंस, आता त्या राखेत बसून रड. नवरीच्या मांडवात! आपल्याकडे वरातीत बँडवाले बिनदिक्कत विरहाची गाणी वाजवतात आणि लोक त्यावर रुमाल तोंडात धरून नागीण होतात, हे मी तिला समजावायला गेले. पण माझं फ्रेंच नागिणीपर्यंत पोचत नाही.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. मिसरची थोर गायिका उम्म कुल्सूम, तिचं 'इन्ता उम्री'. 'तू माझं आयुष्य आहेस.' शब्दांत खोट नाही. मोहम्मद अब्देल वहाबची चाल, १९६४ साली पहिल्यांदा गायलं गेलं, आणि पुरं ऐकायचं तर तासभर तरी हवा. नुसती वाद्यांची सुरुवातच इतकी लांब, की तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या होतील. सुरुवात ऐकताच खाल्तीनं डोळे मिटले. त्याच १९६४ च्या फेब्रुवारीत बेल्जियमनं मोरोक्कोशी कामगार आणण्याचा करार केला होता. तिचे वडील त्या पहिल्या लोंढ्यात आले आणि लीएजजवळच्या कोळशाच्या खाणीत उतरले. सुट्टीच्या दिवशी खोलीतले सगळे एका रेडिओभोवती बसायचे आणि हे गाणं लागलं की बोलणं बंद. गाणं थांबवून मी आशेनं विचारलं, "मग हे चालेल?"

"छे. उम्म कुल्सूम लागली की माणसं बसतात, उठत नाहीत."

लग्नात काय चालतं ते तिनं फोनवर लावून दाखवलं. शाबी, म्हणजे मोरोक्कोची लोकांतली गाणी. आणि उज्दाकडची रगादा, जिच्यात खांदे थरथरवत टाचा आपटतात. अल्जीरियाची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. ती १९९४ पासून बंद आहे, पण राय नावाच्या अल्जीरियाकडच्या गाण्यांना हे कोणी कळवलेलं दिसत नाही, ती दोन्हीकडे वाजतात. माझे कान मिसरच्या मकसूम तालावर पोसलेले. दुम टेक, टेक दुम टेक. चारचा सरळ हिशेब, तबला ऐकलेल्या माणसाला परका वाटू नये असा. शाबी सहाची. त्यातही टाळी कुठे पडते ते मला चार दिवस सापडेना. मी सहा मोजायचे आणि टाळी माझ्या पाठीमागून यायची, जशी काही माझी चेष्टा करायलाच. शेवटी वाटलं, मंगळागौरीचा झिम्मा आठवू, पाय आपोआप पडतील. पाय पडले. खाल्तीनं थोडा वेळ बघितलं आणि काळजीनं विचारलं, "झुरळ आहे का?"

अखेर तडजोड झाली. दीड मिनिट मिसर, मग अडीच मिनिटं शाबी. नवऱ्यानं दोन रात्री बसून दोन्ही गाणी जोडली आणि पेन ड्राइव्हवर घातली. जोडाच्या जागी एक बारीक टक् असा आवाज यायचा. "तिथे उडी मार," तो म्हणाला.

पोशाखाचं नाव ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. मण्यांनी मढवलेली चोळी, तसलाच पट्टा आणि घेरदार झिरझिरीत स्कर्ट, या जोडीला अरबीत 'बदला' म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता 'सूट'. पण मराठी माणसानं तो दुकानात मोठ्यानं उच्चारून बघावा. माझा बदला क्लासमधल्या एका बाईकडून अर्ध्या किमतीत घेतलेला, जांभळा. रंग जांभळा ठरायलाही आठवडा गेला होता. पांढरा नवरीचा. हिरवा मेंदीच्या रात्रीचा, तोही नवरीचा. सोनेरी तर नवरीचाच. लाल नवरदेवाच्या आईनं शिवायला टाकलेला, आणि विहिणीशी रंगावरून वाकडं घेऊ नये, हे कळायला दारिजा लागत नाही.

बदल्यात पोट उघडं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "गार वाऱ्याचं पोटात धरतं." ऑगस्टमधल्या उज्दाला गार वारा कुठला, पण आईला पोट झाकायला कारण हवं होतं. क्लासच्या बाईंनी तोडगा सांगितला. इजिप्तमध्ये नर्तकीनं उघडं पोट दाखवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून तिथल्या नाचणाऱ्या बायका कातडीच्या रंगाची बारीक जाळी लावतात. मी ऑनलाइन जाळी मागवली. 'कातडीचा रंग' असं लिहिलेलं होतं, कोणाच्या कातडीचा ते लिहिलेलं नव्हतं. घालून आरशासमोर उभी राहिले तर हर्नियाचं ऑपरेशन होऊन नुकतीच घरी आल्यासारखी दिसले.

मग मी ती चहात उकळली. हसू नका, नर्तकी खरंच करतात असं. मोठं पातेलं, पाच चमचे आपली गावाकडून आणलेली चहा पावडर, वर मूठभर मीठ. दर दोन मिनिटांनी पळीनं कोपरा उचलायचा आणि दंडाला लावून रंग बघायचा. अकराव्या मिनिटाला जाळी आणि मी एक झालो. नवरा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "मला अर्धा कप." जाळीचा वास मात्र तीनदा धुऊनही गेला नाही. मी नाचायला लागले, घाम आला, की टपरीपाशी उभं असल्यासारखं वाटायचं.

एवढं सगळं पिशवीत घालून मी वर गेले. खाल्तीनं चोळी दोन बोटांत धरून उचलली, उलटसुलट केली, पिशवीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाकीचं?"

"एवढंच असतं."

ती हसली नाही. तिनं विचारलं, "पैसे किती घेणार आहेस?"

मी दुखावले. "खाल्ती, पैसे कसले? मी पाहुणी आहे. माझ्याकडून भेट."

"हेच म्हणतेय," ती म्हणाली. "पैसे घेणार असशील तर तू शिखा. मग हे घाल, काहीही घाल, तुझा प्रश्न. पण पाहुणी असशील तर पाहुणीसारखी नाच."

शिखा म्हणजे गाणारी-नाचणारी व्यावसायिक बाई, अनेक असल्या की शिखात. (माझ्या मावसबहिणीचं नाव शिखा आहे. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.) त्यांचं गाणं आयता. आयता म्हणजे हाक, आरोळी. आपल्याकडच्या आयत्याशी त्याचा काही संबंध नाही, शिकायला जन्म जातो. मोरोक्कोच्या आब्दा भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खरबूशा नावाची शिखा होऊन गेली. ती आपल्या मुलखाच्या काइदला, म्हणजे सुभेदाराला, भर गाण्यातून शिव्या घालायची, आणि त्यानं त्याचा सूड घेतला असं सांगतात. तिच्या गोष्टी सांगताना खाल्तीची मान ताठ होत होती. पण घरातल्या मुलीनं शिखा व्हावं का? हा प्रश्न विचारताच ती शेगडीवरची किटली बघायला उठली.

मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. लग्नात मानानं बोलवायचं, रात्रभर बघायचं, अंगावर नोटा लावायच्या आणि सकाळी नाव काढलं की आवाज खाली आणायचा. आमच्या सांगली-साताऱ्याकडे याला दौलतजादा म्हणतात. फडातल्या लावणीवर जीव टाकणारे माझे आजोबा घरात मुलींना पायात साधे चाळ बांधू देत नसत. तेव्हा बदला पिशवीत गेला. खाल्तीनं कपाटातून स्वतःचा कफ्तान काढला. गळ्यापासून टाचेपर्यंत बंद, पुढे बारीक गोफाची आणि गाठींच्या बटणांची रांग, रंग मोरपंखी, लांबी माझ्यापेक्षा पाच बोटं जास्त. "आणि पोट?" मी विचारलं. "ते आत आहे ना?" खाल्ती म्हणाली.

तरीही बदला मी सामानात घातला. का, ते विचारू नका. विमानतळावर नाण्यांचा पट्टा स्कॅनरमध्ये काय दिसला कोण जाणे, पण बॅग उघडायला लावली. तिथल्या गृहस्थांनी तो हातात धरला, छुम झालं, मागच्या रांगेतली पोरं हसली. नवरा दहा फूट पुढे जाऊन अनोळखी माणसासारखा उभा राहिला.

लग्नाची वेळ रात्री आठची होती. साडेआठला हॉलमध्ये आम्ही दोघं आणि खुर्च्या. पाहुणे अकरानंतर आले. नवरी मध्यरात्री आली, तीही अमारियात बसून. अमारिया म्हणजे खांद्यावरची पालखी, चार जण ती नुसती उचलत नाहीत तर नाचवतात. नवरी वरून हसत हात हलवत होती आणि दुसऱ्या हातानं दांडा घट्ट धरून होती. मग नगाफा, म्हणजे नवरीला सजवणारी बाई, तिला आत घेऊन जायची आणि दुसऱ्या पोशाखात परत आणायची. तीन पोशाखांनंतर मी मोजणं सोडलं. माझा नंबर 'जेवणानंतर' होता. जेवण दोनला आलं. आधी बस्तिला: पातळ पापुद्रे, आत कोंबडी आणि बदाम, वर चक्क पिठीसाखर आणि दालचिनी. पुरणपोळीत कोणी चिकन भरलं तर मी नातं तोडेन, पण हे मी तीनदा घेतलं.

सव्वातीनला भाचीनं खूण केली. मी पेन ड्राइव्ह मुठीत धरून मंचापाशी गेले. मंचावर पाच वादक. व्हायोलिनवाला व्हायोलिन मांडीवर उभं धरून सारंगीसारखं वाजवत होता. मी पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यानं तो निरखून पाहिला, मग आपल्या व्हायोलिनकडे पाहिलं, आणि भोक कुठे आहे, असा अभिनय केला. सगळा ताफा खदखदून हसला.

दोन महिने, चार गाणी, दोन रात्रींची जोडणी. लग्नाला वाजवणारे असतात, हे मला एकानंही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं असतं असं कोणाला वाटलंच नव्हतं.

त्यानं शाबी धरली. खाल्तीनं माझ्या कमरेला, कफ्तानवरून, आपला ओढणीवजा रुमाल करकचून बांधला आणि मला ढकललं. माझं एकटीचं सादरीकरण अंदाजे वीस सेकंद चाललं. तेवढ्यात बायकांनी जिभा हलवून तो कर्णकर्कश यूयू केला आणि सगळ्याच उतरल्या. नवरदेवाची आजी खुर्चीतून न उठता नुसत्या खांद्यांनी जे करत होती, ते मला तीन वर्षांत जमलेलं नाही. कफ्तान पायात येत होता, पोटात बस्तिला होता, आणि टाळी? टाळी सापडली. शंभर हात वाजवत असले की ती शोधावी लागत नाही. कोणीतरी माझ्या रुमालात शंभर दिरहामची नोट खोचली. मी दचकून खाल्तीकडे पाहिलं. तिनं ती काढली आणि सरळ व्हायोलिनवाल्याच्या पुढ्यात टाकली. "तुझी नाही ती."

पहाटे हरीरा आली. वाटीत गरम सूप, बाजूला खजूर. पुरुष मंडळी पांगली. आम्ही दहा-बारा बायका नवरीच्या आईच्या घरी वरच्या खोलीत, कोणी पाय दाबतंय, कोणी अंबाड्यातल्या पिना काढतंय. खाल्तीनं उठून दाराला कडी घातली. पडदा ओढला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आण ती तुझी चिंधी."

बदला हातोहात फिरला. चोळीवर सगळ्या खिदळल्या, जाळी एकीनं नाकाला लावली आणि भुवया उंचावल्या. पट्टा खाल्तीनं घेतला. फोनवर काय लावायचं ते तिनंच सांगितलं, ज्यावर माणसं बसतात, उठत नाहीत, ते.

पट्टा चार बोटं कमी पडत होता. मी बांगडीत अडकवलेल्या दोन्ही सेफ्टी पिना काढल्या. खाल्तीनं श्वास आत ओढून धरला. मी पहिली लावली, दुसरी लावली, आणि गाण्याची ती सुरुवात अजून संपायची होती.