टेक्स्ट मोडला टाकला की सर्व्हर दुप्पट पळतो म्हणे!

सध्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांत एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं, की लिनक्स सर्व्हरचा डेस्कटॉप (माऊसनं चालणारी विंडोवाली स्क्रीन) बंद करून टेक्स्ट मोडला, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर, चालवा, त्यासाठी इनिटटॅब फाईलमध्ये 5 चा 3 करा, निम्मी रॅम मोकळी होते, मशीन दुप्पट पळतं, वर हॅकिंगचं टेन्शन नाही, फक्त एकदा टेक्स्टला गेलात की परत स्क्रीन आणायला फॉरमॅट मारावं लागतं. एवढ्या ओळींत खरं किती हे बघायला गेलं तर हाताला फार काही लागत नाही ओ.

पहिलं ते 5 चा 3. हे रनलेव्हलच्या काळातलं, म्हणजे मशीन कुठल्या मोडमध्ये उठवायचं ते आकड्यानं सांगायचे तेव्हाचं, सेंटओएस 6 या लिनक्सच्या प्रकारापर्यंत चालायचं. फेडोरा या दुसऱ्या प्रकारात 2011 ला सिस्टमडी, म्हणजे मशीन सुरू करणारं नवं सॉफ्टवेअर, आलं, रेड हॅट 7 मध्ये 2014 ला आणि डेबियन, उबंटूत 2015 ला, तिथून पुढं ती फाईल कोण वाचतच नाही. काही मशीनवर फाईल असते पण आत नुसत्या कॉमेंट, की बाबांनो ही आता वापरात नाही. तरी लोक त्यात ओळ घालून रीबूट मारतात आणि डेस्कटॉप परत आला की सर्व्हरला शिव्या देतात. आता त्या जागी टार्गेट आहेत, 3 च्या जागी मल्टी-यूजर आणि 5 च्या जागी ग्राफिकल. सध्या काय सेट आहे ते सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट सांगतं, बदलायला रूटनं (सगळे अधिकार असलेल्या लॉगिननं) सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर डॉट टार्गेट, झालं.

आता फॉरमॅटचं. हे वाचून खरंच हसू आलं. सेट-डिफॉल्ट म्हणजे आत एक लिंक असते, ती इकडची तिकडं होते एवढंच, डेस्कटॉपचं एक पॅकेज पण उडत नाही. परत यायचं तर तीच कमांड, शेवटी ग्राफिकल डॉट टार्गेट. पण लोक गंडतात ते दुसऱ्याच जागी, सेट-डिफॉल्टचा परिणाम पुढच्या बूटला होतो, आत्ताच्या आत्ता मोड बदलायचा तर सिस्टमसीटीएल आयसोलेट आणि पुढं टार्गेटचं नाव. आणि हे आयसोलेट मल्टी-यूजरला मारताना स्क्रीनवर कोण काम करत बसलंय ते आधी बघा, कारण उघड्या विंडो विचारत नाहीत, सेव्ह न केलेली शीट गेली म्हणजे गेलीच. लांबून एसएसएचनं (दुसऱ्या मशीनवरनं नेटवर्कनं लॉगिन करून) मारलात तर तुमचं कनेक्शन तुटत नाही, तुम्हाला कळणारही नाही आणि तिकडं टेबलावर बोंबाबोंब चालू.

निम्मी रॅम आणि दुप्पट स्पीड. जुनं 2 जीबीचं मशीन असेल तर फरक पडतो, नाही म्हणत नाही. नुसतं लॉगिन स्क्रीनवर उभं असलेलं जीनोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप) काहीशे एमबी खातं, पण 16 जीबीच्या सर्व्हरवर ते कुठं निम्मं झालं? आणि कोण हात लावत नसलेला डेस्कटॉप सीपीयूला फारसा त्रास देत नाही. फ्री कमांड मारून लोक ‘फ्री’चा कॉलम बघून घाबरतात, बघायचा असतो ‘अव्हेलेबल’चा, मधली रॅम लिनक्सनं फाईलींच्या कॅशला वापरलेली असते आणि लागली की सोडतं. डेटाबेसला इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसेल तर टेक्स्ट मोडमध्ये पण ते रडतच चालणार.

हॅकिंगवर जास्त बोलण्यासारखं नाही. ग्राफिकल टार्गेट हे मल्टी-यूजरलाच पोटात घेऊन येतं, म्हणजे एसएसएच, सांबा (फाईल शेअरिंग), डेटाबेस दोन्हीकडं तेच चालू, पोर्ट (नेटवर्कवरनं आत यायची दारं) तेच उघडे. एसएस कमांडनं कुठल्या पोर्टवर काय काय ऐकत बसलंय ते दोन्ही मोडमध्ये बघा की. पासवर्ड 123456 ठेवून स्क्रीन काळी केली म्हणून चोर परत जात नाही. डेस्कटॉपचा पसारा कमी चालू राहतो एवढा थोडा फायदा, तो मान्य.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मात्र आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाची. आपल्या छोट्या सौहार्द सहकारी सोसायट्यांत, बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपांत सर्व्हर म्हणजे वेगळ्या खोलीतली पेटी नसते, टेबलावरचंच मशीन असतं आणि त्यावरच कोणतरी पत्र टाईप करत असतं. सकाळी तिथं काळी स्क्रीन आणि नुसतं ‘लॉगिन’ लिहिलेलं दिसलं, पासवर्ड टाकताना एक स्टार पण उमटत नाही, मग कीबोर्ड गेला म्हणून बटण दाबून धरून बंद करतात. डेटाबेस चालू असताना! वर आणि सभासदांच्या फाईलींची नावं मराठी-कन्नडमध्ये ठेवलेली असली तर त्या काळ्या स्क्रीनवर नुसते चौकोन. तिथल्या फॉन्टला 512 आकारांची मर्यादा आहे आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही, ना मराठीला ना कन्नडला. फाईली खराब झालेल्या नसतात, दुसऱ्या लॅपटॉपवरनं एसएसएचनं बघितलं की नावं वाचता येतात. अशा मशीनचा डेस्कटॉप काढू नका, कोण कितीही फॉरवर्ड करू दे.

कोणी समोर बसतच नाही अशा सर्व्हरला टेक्स्ट मोड लावायला माझी काहीच हरकत नाही, उलट लावाच. पण कारण स्पीडचं नाही. नव्या जीनोममध्ये कोण हात लावला नाही तर काही मिनिटांनी मशीन झोपवायची सेटिंग आपोआप चालू असू शकते, मग सगळं ऑफिस, शेअर ड्राइव्ह दिसत नाही म्हणून केबल हलवत बसतं. डेस्कटॉप ठेवायचाच असेल तर सिस्टमसीटीएल मास्क करून स्लीप, सस्पेंड, हायबरनेट ही टार्गेट बंद करून टाका.

आणि ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडून स्क्रीन येतच नसेल तर कायमचं काही बदलायला जाऊ नका. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नुसता 3 लिहा आणि कंट्रोल-एक्स. हा जुना 3 सिस्टमडीला अजून कळतो, तेवढ्या एका बूटपुरतं टेक्स्टला जातं, ड्रायव्हर नीट करून रीबूट मारा की डेस्कटॉप जागेवर.